मावशीच्या बॉनेटमधला खांब

फोटोवालीला वाकडं बघवत नसे. भिंतीवरची तसबीर बोटभर कलंडलेली दिसली, की ती दुसऱ्याच्या घरातसुद्धा बोलता बोलता उठायची आणि सरळ करून यायची. यजमान हसायचे. तिला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. वाकडं आहे, सरळ करता येतं, मग करायचं नाही कशाला, इतकं साधं तिचं म्हणणं होतं.

आठवड्याचे पाच दिवस ती एका विमा कंपनीत बसून अपघाताच्या गाड्यांचे फोटो तपासायची. चेपलेली दारं, फुटलेले दिवे, झाडाला मिठी मारून बसलेली बॉनेटं. त्यावर उतारा म्हणजे रविवार. रविवारी जुन्या गाड्यांचे शौकीन कुठल्या ना कुठल्या मोकळ्या आवारात आपापल्या गाड्या घेऊन जमायचे आणि ही कॅमेरा घेऊन त्यांच्यात लोळायची. लोळायची म्हणजे अक्षरशः लोळायची, कारण गाडीचा रुबाब उभ्याने दिसत नाही, तो चाकाच्या उंचीवरून दिसतो. तिच्या सगळ्या पँटी गुडघ्यावर पांढऱ्या पडल्या होत्या.

गाडीवाल्यांइतकी हळवी जमात दुसरी नसेल. पोराचं नाक वाहत असलं तरी चालेल, पण टायरला चिखल लागता कामा नये. फोटो काढायचा म्हटलं की हे लोक खिशातून मऊ फडकी काढून आधीच लख्ख असलेली गाडी पुन्हा पुसायला लागत, आणि मग गाडीशेजारी असे उभे राहत, की नवरी कोण हा प्रश्न पडावा. "पोट आत घ्या," असं फोटोवाली गंभीरपणे सांगायची आणि फोटो नुसत्या गाडीचाच काढायची.

खरं काम घरी, संगणकापुढे. एकेक फोटो मोठा करून ती त्याची साफसफाई करी. कबुतरांचे प्रसाद, डोक्यावरून गेलेल्या तारा, मध्येच घुसलेलं कुणाचं तरी कोपर, सगळं पुसायचं. बंपरच्या चकाकीत गुडघे टेकून बसलेली ती स्वतः दिसायची, तिलाही पुसायचं. स्वतःला ती इतक्या वेळा पुसत आली होती, की एखाद्या फोटोत राहून गेलीच, तर ओळखच पटू नये. हे सगळं ती कुणाला न विचारता करी, आणि मालकही कधी विचारत नसत. आपली गाडी मुळातच इतकी देखणी आहे, अशी प्रत्येकाची बालंबाल खात्री असायची.

घरात दोघंच होती, ती आणि तिचे बाबा. बाबांनी चाळीस वर्षं गाड्यांच्या पत्र्याचं काम केलं होतं. चुरगळलेला पत्रा त्यांच्याकडे यायचा आणि आठ दिवसांनी असा बाहेर पडायचा, की त्याला कधी ठेच लागली होती हे त्याचं त्यालाही आठवू नये. दोन वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले. आधी बशीत चहा सांडायला लागला, मग हातोडी नेमकी जागा सोडून पडायला लागली. हातोडी चुकायला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी कुणाशी न बोलता गॅरेज बंद केलं. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही. पण त्या हातांना शर्टाची बटणं लागेनात, आणि मुलीकडून बटणं लावून घ्यायची म्हणजे बाबांच्या अगदी जिवावर यायचं. त्यावर त्यांनी उपाय काढला. शर्ट घालायचाच नाही. घरात बिनबटणाचा बनियन घालून खिडकीशी बसायचं आणि कुणी चला म्हटलं, की "मला कुठे जायचंय?" असं म्हणायचं. फोटोवाली आपले फोटो त्यांना दाखवायची. पडदा त्यांच्याकडे वळवायच्या आतच ते "छान" म्हणून मोकळे व्हायचे.

आता मावशीविषयी. मावशी ही एक निळी गाडी होती, दाताच्या डॉक्टरबाईंची. आधी ती त्यांच्या मावशीची होती. त्या मावशी पन्नाशीत गाडी शिकल्या आणि नंतर पंचवीस वर्षं त्यांनी रस्त्यावर कुणालाही बाजू दिली नाही, असं डॉक्टरबाई अभिमानाने सांगायच्या. मावशी गेल्या, गाडी गंजत पडली, आणि डॉक्टरबाईंनी अकरा वर्षं खपून ती उभी केली. तीही मूळच्या पत्र्यासकट. बॉनेट नवं बसवा, तयार मिळतं, अगदी गुळगुळीत असतं, असं त्यांना सतरा जणांनी सांगितलं.

"मी पेशंटला जे सांगते तेच यांना सांगितलं," डॉक्टरबाई म्हणायच्या. "काढायला दोन मिनिटं लागतात. टिकवायलाच मी शिकलेय."

वसंतातल्या एका मेळाव्यात फोटोवालीने मावशीचा फोटो काढला. आवाराच्या कडेला दिव्याचा एक उंच खांब होता, आणि त्याचं प्रतिबिंब मावशीच्या बॉनेटवर काचेपासून नाकापर्यंत पडलं होतं. घरी येऊन मोठं करून पाहिलं, तर डाव्या अंगाला तो खांब मध्येच पोट काढल्यासारखा फुगला होता. झालं. फोटोवालीला चैन पडेना. तिने तो खांब तुकड्या-तुकड्याने उचलला, ओढला, ताणला, आणि चाळीस मिनिटांत सुतासारखा सरळ करून टाकला. फोटो बघून डॉक्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तो मोठा करून दवाखान्यात लावला, तोंड उघडून बसलेल्या पेशंटला बरोबर समोर दिसेल असा. दुसरी प्रत त्यांनी वार्षिक मेळाव्याच्या अर्जाला जोडली.

वार्षिक मेळाव्यात एक खास रांग असे, मूळ पत्र्याची. ज्या गाडीचा एकही पत्रा बदललेला नाही, तीच तिथे उभी राहायची. बारा जागा, वर छप्पर, आणि प्रत्येक गाडीपुढे तिच्या पहिल्या मालकाच्या नावाची पाटी. मावशीच्या नावाची पाटी डॉक्टरबाईंनी आधीच करून घेतली होती. अकरा वर्षांची सगळी धडपड त्या पाटीसाठी होती, असं म्हटलं तरी चालेल.

मेळावा रविवारी होता. त्याआधीच्या गुरुवारी संध्याकाळी डॉक्टरबाई फोटोवालीच्या दारात उभ्या राहिल्या. हातात फोटो आणि एक पत्र.

"हे वाच," त्या बसता बसता म्हणाल्या. "नाही, मीच वाचते, म्हणजे मला पुन्हा एकदा चिडता येईल." आणि त्यांनी मोठ्याने वाचलं, "'गाडी सुरेख आहे. परंतु बॉनेट मूळ नाही. या बनावटीची बॉनेटं त्या काळी लाकडी ठोकळ्यावर हाताने ठोकून घडवीत. त्यांत खांबाचं प्रतिबिंब इतकं सरळ पडणं शक्य नाही. सबब अर्ज नामंजूर.' ऐकलंस? माझ्या मावशीचं कपाळ म्हणे नकली! तू स्वतः फोटो काढलायस. तू त्यांना लिही, की जे दिसलं तेच तू टिपलंस."

खरं सांगायचं, तर पहिला विचार फोटोवालीच्या मनात आला तो पळवाटेचाच. परीक्षकांनाही चूक होऊ शकते, असं म्हणावं, खांदे उडवावेत आणि चहा टाकायला उठावं. ती उठलीही होती. पण 'लाकडी ठोकळा' हा शब्द आतल्या खोलीत पोचला होता. बाबा बाहेर आले.

"बघू," ते म्हणाले.

फोटो त्यांच्या हातात थरथरायला लागला, तेव्हा फोटोवालीने तो दुसऱ्या बाजूने धरला. बाबांनी तो खिडकीच्या उजेडाकडे कलता केला आणि बराच वेळ पाहिला. दोन वर्षांत त्यांनी तिचं कुठलंच काम इतका वेळ पाहिलं नव्हतं.

"बॉनेट अस्सल आहे," ते म्हणाले. "कडेचा उतार सांगतोय. खांब खोटा आहे."

"खांब?" डॉक्टरबाईंना काही कळेना.

"असल्या पत्र्यात असा खांब पडत नाही. हा कुणीतरी आणून ठेवलाय."

घरात कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. फोटोवाली म्हणाली, "मी सरळ केला. तो वाकडा दिसत होता, म्हणून."

डॉक्टरबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "सतरा जणांनी मला सांगितलं, की हे बॉनेट काढून टाक," त्या म्हणाल्या. "सतरा जणांना मी नाही म्हटलं. तू मला विचारलंही नाहीस गं." आणि चहा न घेताच त्या निघून गेल्या.

फोटोवाली दाराकडे तोंड करून रडली. बाबा मागे उभे होते. मुलीच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, ठेवला तर तो थरथरेल, या विचारात त्यांनी तो ठेवलाच नाही.

"तुझ्या चुकीत माझाही वाटा आहे," ते म्हणाले. "तू इतके दिवस दाखवत होतीस आणि मी न बघता छान म्हणत होतो. एकदा जरी नीट पाहिलं असतं, तर त्याच दिवशी कान धरला असता."

त्याच संध्याकाळी तिने मुख्य परीक्षकांना सगळं कबूल करून लिहिलं आणि कॅमेऱ्यातून निघालेला मूळ फोटो पाठवला, फुगलेल्या खांबासकट. मुख्य परीक्षक पेशाने घड्याळजी होते, आणि त्यांचं उत्तर घड्याळजीसारखंच नेमकं आलं. काल खांब सरळ होता, आज वाकडा आहे, तर तुमच्या कोणत्या फोटोवर विश्वास ठेवायचा? शिवाय पत्रा वाकडा असला म्हणजे तो मूळ ठरत नाही, वाईट दुरुस्तीनेही खांब वाकतो. बाराही जागा भरलेल्या आहेत. तरीही यायचं असेल तर रविवारी नऊला गाडी घेऊन यावं. दहाला रांग बंद होते.

फोटोवालीने ते डॉक्टरबाईंना कळवलं. "येते," एवढंच उत्तर आलं. पण पत्रा मूळचा की दुरुस्तीचा, हे नुसत्या डोळ्यांनी कोण सांगणार? वाईट दुरुस्ती आणि जुनी घडण यांतला फरक ओळखणारा एकच माणूस तिला माहीत होता, आणि तो खिडकीशी बनियन घालून बसला होता. विचारायचं कसं, हे तिला सुचेना.

रविवारी सकाळी सातला बाबा तिच्या खोलीच्या दारात आले. अंगात पांढरा शर्ट, पुढून सगळा उघडा.

"लाव," ते छताकडे बघत म्हणाले.

तिने खालून वर सहा बटणं लावली. शेवटचं बटण लागल्यावर बाबांनी दोन्ही हात पँटच्या खिशांत घातले आणि म्हणाले, "चल, उशीर नको."

मेळावा जुन्या गोदामांच्या आवारात होता. फरशीवर तेलाचे जुने डाग, हवेत मेणाचा आणि पेट्रोलचा वास, आणि फडकी हातात घेतलेली शंभर-दीडशे माणसं. मूळ पत्र्याची रांग छपराखाली लागली होती. सगळ्यांत पहिली, राखाडी रंगाची, घड्याळजींची स्वतःची गाडी. पंधरा वर्षं ती त्याच जागी उभी राहत आली होती. मावशी फाटकाशी, उन्हात थांबली होती. डॉक्टरबाई तिच्या शेजारी उभ्या होत्या आणि पाटी त्यांनी कागदात गुंडाळून काखेत धरली होती. फोटोवालीला बघून त्यांनी मान हलवली. हसल्या मात्र नाहीत.

घड्याळजी आले. किडकिडीत, ताठ, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. त्यांच्या मागोमाग बघे जमले, कारण कुणाची तरी फजिती होणार हा वास माणसांना पेट्रोलच्या वासाआधी येतो.

"खांब मी सरळ केला होता," फोटोवाली सगळ्यांदेखत म्हणाली. तिचे कान तापले होते. "यांना माहीत नव्हतं. शिक्षा मला करा, गाडीला नको."

"शिक्षेचं नंतर बघू," घड्याळजी म्हणाले. त्यांनी मावशीच्या बॉनेटच्या पातळीला डोळा नेऊन पाहिलं. गोदामाच्या कोपऱ्याची रेघ त्यात डाव्या अंगाला फुगत होती. "फुगतेय खरी. पण ही लाट घडवतानाची की नंतर कुणी ठोकाठोक केली त्याची? आतून बघावं, तर आत लोकरीचा जाड नमदा चिकटवलाय."

"तो मावशीनंच लावला होता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आवाज कमी व्हावा म्हणून. तो ओढला तर आतला जुना रंग सोलून निघेल."

"मग सांगणार कोण?"

"मी सांगतो," बाबा म्हणाले आणि त्यांनी खिशांतून हात बाहेर काढले.

घड्याळजींची नजर त्या हातांवर गेली. ज्याचं सगळं आयुष्य बारीक चिमट्यांवर गेलं, त्याला थरथरणारा हात म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ते सौम्यपणे म्हणाले, "या हातांनी?"

"हातोडी धरवत नाही आता," बाबा म्हणाले. "पण माझा हात कापतो, पत्रा तर कापत नाही ना."

कुणीतरी मागे हसलं, बाबाही हसले, आणि त्यांनी उजवा तळहात मावशीच्या बॉनेटवर ठेवला. डोळे मिटले. हात थरथरतच नाकापासून काचेकडे सरकला, मग आडवा, मग पुन्हा मागे. फोटोवाली लहानपणी गॅरेजच्या पायरीवर बसून हे बघायची. तेव्हा तिला वाटायचं, बाबा गाडीला ताप आहे का ते बघतायत.

"लाट एकच आहे, आणि लांब आहे," ते म्हणाले. "इथपासून इथपर्यंत. ठोकळा तिथं झिजलेला असणार, म्हणून पत्रा त्याच्यावर बसला तसा राहिला. दुरुस्तीची लाट अशी नसते. ती आखूड असते, आणि मध्ये पत्रा ताणून पातळ झालेला असतो. ऐका." त्यांनी बोटाच्या पेराने चार ठिकाणी टकटक केलं. "सगळीकडे एकच आवाज. खड्डे बुजवायला लांबीचं लुकण भरलेलं असतं, तर कुठंतरी आवाज मुका आला असता."

घड्याळजींचं आयुष्य बारीक आवाज ऐकण्यात गेलं होतं. त्यांनी वाकून स्वतः टकटक केलं, कान लावला. त्यांना पटतंय असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण ते मुख्य परीक्षक होते, आणि मुख्य परीक्षकाला इतक्या लवकर पटून चालत नाही.

"तुमच्या हातावर विश्वास ठेवायचा तर हात तपासायला हवा," ते म्हणाले. "ती रांग बघा. बारा गाड्या. आमच्या नोंदी माझ्याकडे आहेत. डोळे मिटून सांगा, कुठं काय आहे."

बाबा मुलीच्या खांद्याला धरून डोळे मिटून निघाले, रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून. हिरवी गाडी, "मूळ." पांढरी, "मूळ. दाराच्या खाली एकदा लागलंय, चेपलेला पत्रा फक्त उचललाय, बदललेला नाही." घड्याळजींनी वहीत बघून मान डोलावली. तपकिरी, मूळ. लाल, मूळ. लाल गाडीच्या मालकाने बाबांचा हात फिरला तिथे लगेच फडकं फिरवलं, तेव्हा एवढ्या तणावातही लोक हसले. अकरा गाड्या झाल्या, एकही चूक निघाली नाही. दहाला पंधरा मिनिटं होती. बाबांचा हात बाराव्या गाडीच्या, राखाडी गाडीच्या डाव्या मडगार्डावर आला आणि तिथेच थांबला.

फोटोवालीच्या खांद्यावरची त्यांची पकड घट्ट झाली. हात एकदा पुढे गेला, मागे आला, आणि दिव्याच्या कडेशी घुटमळला. त्यांनी डोळे उघडले.

"जरा बाजूला येता का?" ते घड्याळजींना म्हणाले.

"बाजूला कशाला? जे आहे ते इथंच सांगा."

"हे मडगार्ड माझं आहे."

"म्हणजे?"

"मी घडवलंय. सव्वीस वर्षं झाली. एका व्यापाऱ्यानं गाडी भिंतीवर घातली होती. जुन्या मडगार्डाचा भुगा झाला होता. गाडी विकायची होती त्याला, आणि कुणाला कळता कामा नये, म्हणाला. मी महिनाभर खपून नवं घडवलं. जुन्यातली लाटसुद्धा त्यात घातली." बाबांनी मडगार्डावरचा हात उचलला. "तुम्हाला फसवायचं म्हणून नव्हतं केलं. फसवणूक होतेय हे मात्र तेव्हाही कळत होतं. दिवा काढलात तर आतल्या कडेला खूण म्हणून टोकदार पंचाने ठोकलेले दोन ठिपके सापडतील. माझ्या प्रत्येक कामात आहेत."

हे ऐकून फोटोवाली त्यांच्याकडे बघतच राहिली. बाबांनीही कुणाची तरी रेघ खोटेपणाने सरळ केली होती, किंवा खरं म्हणजे मुद्दाम वाकडी केली होती, हे तिला ठाऊकच नव्हतं.

घड्याळजींनी कुणाला हात लावू दिला नाही. खिशातला पेचकस काढून त्यांनी दिव्याची कडी स्वतः सोडवली, भिंग डोळ्याला लावलं आणि आत बघितलं. ते इतका वेळ वाकून राहिले, की लोकांनी घड्याळं बघायला सुरुवात केली. मग ते उभे राहिले.

"घड्याळ दुरुस्त करणारा झाकणाच्या आत आपली खूण कोरतो," ते म्हणाले. "दुसऱ्यांची घड्याळं उघडून मी रोज त्या खुणा बघतो. स्वतःच्या गाडीचा दिवा उघडून बघावा, असं मला कधी वाटलं नाही." त्यांनी कडी पुन्हा बसवली, पेचकस खिशात घातला. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज नाही. "पंधरा वर्षं मी या मडगार्डाकडे बोट दाखवून नवीन परीक्षकांना सांगत आलोय, की मूळ काम कसं असतं ते बघा. अहो, काय हात आहे तुमचा!"

ओशाळणं आणि सुखावणं दोन्ही एकदम आल्यावर माणूस जसा दिसतो, तसे बाबा दिसत होते.

घड्याळजी आपल्या गाडीत बसले. गाडी सुरू झाली, रांगेतून बाहेर पडली, आवार ओलांडून पलीकडे दुरुस्त गाड्यांच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. ते चालत परत आले, तेव्हा दहाला दोन मिनिटं कमी होती.

"जागा झालीये," ते डॉक्टरबाईंना म्हणाले. "आणा तुमच्या मावशीला. लवकर."

डॉक्टरबाईंनी पाटी फोटोवालीच्या हातात कोंबली आणि धावल्या. मावशी आपल्या जुन्या सवयीप्रमाणे कुणालाही बाजू न देता आली, आणि लोकच बाजूला झाले. पाटीवरचा कागद फोटोवालीने सोडवला, पाटी ठेवली, मागे सरून बघितली. किंचित कलली होती. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"ती तेवढी सरळ कर गं बाई," डॉक्टरबाई रडत आणि हसत म्हणाल्या. "पाटीला चालतं."

शिक्षाही झाली. घड्याळजींनी वहीत लिहून घेतलं, की या फोटोवालीचे फोटो एक वर्ष अर्जाला चालणार नाहीत. तिने मान खाली घालून मान्य केलं. मग त्यांनी बाबांकडे वळून विचारलं, पुढच्या महिन्यापासून तपासणीला त्यांचा हात मिळेल का. दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, सकाळी.

"बघू," बाबा म्हणाले आणि हात पुन्हा खिशांत घालायला विसरले.

संध्याकाळी फोटोवाली संगणकापुढे बसली. आज बाबा आपलं स्टूल ओढून शेजारी आले, चष्मा लावून. पडद्यावर मावशी आली. बॉनेटवर छपराच्या खांबाचं प्रतिबिंब होतं, डाव्या अंगाला मजेत पोट काढलेलं, आणि त्याच्या बाजूला, मेणाच्या चकाकीवर, तळहाताचा एक ठसा.

तिने तो तसाच ठेवला आणि फोटो पुढे सरकवला.

"मागे घे," बाबा म्हणाले. "तो ठसा पूस."

"तुमचा आहे, बाबा."

"माझा आहे म्हणूनच पूस. पॉलिशवर हात उमटवलेली गाडी मी कधी दाराबाहेर पाठवली नाही."

तिने पुसला. बाबांनी नाक पडद्याला लागेल इतकं जवळ जाऊन तपासलं. "हां. खांबाला हात लावू नकोस."

"नाही लावत."

पुढचा फोटो आला. बंपरमध्ये गुडघे टेकलेली ती होती आणि तिच्या मागे पांढऱ्या शर्टातला एक म्हातारा. तिने माऊसवर बोट ठेवलं, तेव्हा बाबांनी थरथरत्या बोटाने पडद्यावर दोन-तीन जागी टेकवत दाखवलं, "ही दोघं राहू देत. कुणाला नडतायत?"

ती हसली. मग बराच वेळ दोघं एकेक फोटो बघत राहिली. बाबांनी दोन ठिकाणी तिची चूक काढली, एका ठिकाणी चूक त्यांच्याच नजरेची निघाली. "छान" ते एकदाही म्हणाले नाहीत.

"तिसरा रविवार म्हणजे कधी?" त्यांनी मध्येच विचारलं.

"अजून तीन आठवडे आहेत."

"किती वाजता निघायचं?"

"सातला."

बाबांनी मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला.

"मग साडेसहाला उठव मला," ते म्हणाले. "बटणं लावायला आपल्याला वेळ लागतो."